माळीवाड्याजवळचे तीन मुक्काम

अहिल्यानगरच्या माळीवाडा बसस्थानकाकडून जुन्या शहरात पायी शिरले, की काही वळणांनंतर एक दुमजली लाकडी इमारत लागते. खाली दगडी जोते, वर सागवानी खांब, मध्ये चौक आणि चौकाच्या चारही बाजूंनी फिरणारी कठड्याची गॅलरी. एकूण चौदा खोल्या आहेत. दारावरच्या पाटीतील ‘बोर्डिंग’ हा शब्द पुसट झाला आहे, ‘लॉजिंग’ तेवढे वाचता येते. शहराचे नाव २०२४ साली बदलले, पण पाटीवर अजून अहमदनगरच आहे, आणि येणारेजाणारे दोन्ही नावे सोडून नुसते ‘नगर’ म्हणतात.

अशा उतारगृहांचे नगरशी नाते जुने आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि नगरची पेठ देशाच्या बाजाराशी जोडली गेली. मात्र खेड्यापाड्यातील दुकानदार पेठेत येऊ लागला तो एसटीमुळे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे–अहमदनगर याच मार्गावर. पुढे जामखेड, खर्डा, पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदा, तसेच बीड जिल्ह्यातील आष्टी आणि कडा येथील किरकोळ व्यापारी सकाळच्या गाडीने नगरला येत, दिवसभर कापड बाजारात माल पाहत, भाव करत, गठ्ठे बांधून घेत. आणि शेवटची गाडी बहुधा चुकतच असे. चुकली नाही तरी माणूस दमलेला असे आणि खिशात रोकड असे. अशा वेळी घाऊक दुकानदार एक चिठ्ठी लिहून देई : ‘पाहुणे पाठविले आहेत. एक रात्र. जेवण सूर्यास्तापूर्वी.’ ती चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक या लाकडी जिन्याने वर जाई. खोलीचे भाडे दुकानाच्या खात्यावर पडे आणि दिवाळीच्या पाडव्याआधी हिशेब चुकता होई.

धर्मशाळा होत्याच, पण व्यापाराच्या कामासाठी आलेल्या माणसाने पुण्याच्या जागी उतरू नये, असा संकोच पुष्कळ घरांत पाळला जाई. ‘लॉज’ या शब्दाला आज जो वास चिकटला आहे, तो तेव्हा नव्हता. लॉज म्हणजे स्वच्छ गादी, गाळलेले पाणी आणि आतून लागणारी कडी.

कापड बाजारातील ज्या दुकानांतून अशा चिठ्ठ्या निघत, त्यांतील एका दुकानाचे मालक आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत. घरात त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी माणसे या लॉजवर पाठविली. कोणाला दमा आहे म्हणून खालची खोली द्या, कोणाचे आयंबिल चालू आहे म्हणून स्वयंपाक्याला सांगा, असे निरोपही धाडले. लॉजच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे त्यांना ठाऊक होते. मात्र तेथे एक रात्रही ते कधी झोपले नव्हते. त्यांचे घर तेथून हाकेच्या अंतरावर होते. घर असलेल्या माणसाने लॉजवर कशासाठी झोपावे?

पुढे मुले बंगळूरच्या चिकपेठेत व्यवसायासाठी गेली, मागोमाग बाबूजी आणि त्यांची पत्नीही गेली. घर आधी विकले. दुकान भाड्याने दिले होते, ते भाडेकरूने सोडले. बाबूजींची पत्नी निवर्तली. गेल्या वर्षी डिसेंबरात दुकानाचाही सौदा ठरला. सात-बारा, नगर भूमापनाचे उतारे, जुनी वाटणीपत्रे सगळे जुळवून झाले होते. उरला होता तो बाबूजींचा अंगठा आणि छायाचित्र. त्यासाठी थोरला मुलगा आणि सून त्यांना घेऊन नगरला आले. ज्या गावात बाबूजींचा जन्म झाला, तेथे त्यांना प्रथमच खोलीचे आरक्षण करून यावे लागले.

मुलाने खोल्या घेतल्या होत्या शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका नव्या हॉटेलात. उद्वाहक, गरम-थंड पाण्याचे नळ, पांढऱ्याशुभ्र चादरी, वाहनतळ, सर्व काही. नोकर नम्र होते. अडचण एकच निघाली : रात्रीचे स्वयंपाकघर सात वाजता सुरू होई. डिसेंबरात नगरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूनबाईंनी खाली जाऊन विचारले. व्यवस्थापकाने ‘जैन फूड’ मिळेल असे हसतमुखाने सांगितले. त्याच्या लेखी जैन जेवण म्हणजे कांदा-लसूण वगळलेली भाजी. तिच्यात बटाटा असला तर काय बिघडले, हे त्याला उमजत नव्हते, आणि जेवणाला घड्याळ असते हे तर त्याने कधी ऐकलेच नव्हते. सव्वापाच वाजले होते. बाबूजींनी पिशवीतला खाकरा काढला, दुधाबरोबर दोन खाकरे खाल्ले, पाणी प्यायले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. तक्रार केली नाही. सकाळी मात्र त्यांनी विचारले, “माळीवाड्याजवळचं ते लॉज अजून चालू असेल का रे?”

मुलाला ते आवडले नाही. त्याचे कारण लहान नव्हते. बाबूजींच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि ते रात्री दोनदा उठतात. जुन्या इमारतीत संडास खोलीत नसणार, जिना उभा असणार. पडले तर? “बाबूजी, तुमच्या आठवणीसाठी आम्ही दवाखाने शोधत फिरायचं का?” असे तो बोलून गेला आणि बोलल्यावर गप्प झाला. सूनबाई म्हणाल्या, “आधी बघून तर येऊ.” कचेरीतले काम तसेही दोन दिवस पुढे गेले होते.

लॉज चालू होते. गल्ल्यावर बसणारे मुनीमजी साठीच्या पुढचे. वयाच्या सोळाव्या वर्षी ते येथे पाणी भरायला लागले होते. त्यांनी बाबूजींना ओळखले नाही. दुकानाचे नाव सांगितल्यावर मात्र ते उभे राहिले. “तुमच्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत,” ते म्हणाले. “अक्षर अजून डोळ्यांपुढे आहे.” खालच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्यांत मालकांनी अडगळ भरली होती. वरची, जिन्याजवळची खोली मिळाली. तिच्यासमोर, पाच पावलांवर, अलीकडे बांधलेले एक शौचालय होते. मुलाने ती पाच पावले स्वतः मोजली आणि मगच सामान वर नेऊ दिले.

खोलीचे वर्णन करायचे तर फार काही नाही. घोटीव शहाबादी फरशी, सागवानी पलंग, गजांची खिडकी, भिंतीत कमानदार कोनाडा. कोनाड्यात तेलाचा काळा डाग होता. पुसला तरी तो निघत नव्हता. नळाच्या तोंडाला पांढऱ्या कापडाचे गरणे बांधलेले होते, ते कोणी सांगून बांधलेले नव्हते. बारा इंची जाड भिंतींमुळे बाजारातला गलका आत येईपर्यंत मवाळ होई. अशा वास्तूंना हल्ली ‘हेरिटेज’ म्हणून चौपट भाडे लावतात. येथे तसे काहीच केलेले नव्हते. दिव्याची तार उघड्यावरून गेली होती, छताच्या एका फळीला वाळवी लागली होती आणि आरशात माणूस किंचित निळा दिसे. सूनबाईंना ते शौचालय शेवटपर्यंत रुचले नाही, आणि त्यांचे चूक होते असे म्हणता येणार नाही.

जेवणाची वेळ मात्र कोणाला सांगावी लागली नाही. पाच वाजता एक मुलगा येऊन विचारून गेला, “चौविहार किती जणांचे?” साडेपाचला चौकात पाट मांडले गेले. मुगाची डाळ, दुधी भोपळ्याची भाजी, ज्वारीची भाकरी, कढी, उकळून गार केलेले पाणी. वाढणारी बाई ताटात काही उरलेले पाहून रागावे. अन्न साधेच होते. पण पावणेसहाला हात धुऊन माणूस मोकळा होई, आणि त्यासाठी कोणापुढे आपला आचार समजावून सांगावा लागत नसे. परगावी ज्याला रोज हे समजावून सांगावे लागते, त्यालाच या मोकळेपणाची किंमत कळेल. मुलगा चिकपेठेत व्यवसाय करतो, देशभर फिरतो, दरवेळी हॉटेलात ‘बटाटाही नको, गाजरही नको’ हे वाक्य त्याला चार भाषांत पाठ झाले आहे. त्या संध्याकाळी ते वाक्य वापरावे लागले नाही, हे त्याच्या ध्यानात आले ते झोपताना.

नगरची डिसेंबरातली पहाट बोचरी असते. चौकात तांब्याचा बंब पेटे, त्याच्या धुराचा वास गॅलरीत पसरे. बाबूजी अंधारातच उठून सामायिक करीत. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी येई आणि नेमक्या त्याच सुमारास चहा दाराशी येई. दुसऱ्या दिवशी ते आनंदधामला जाऊन आले. आचार्य आनंदऋषीजींचे २८ मार्च १९९२ रोजी नगरला देवलोकगमन झाले, त्या दिवशी कापड बाजारातील आपले दुकान कसे बंद होते आणि रस्त्यात पाऊल ठेवायला जागा कशी नव्हती, हे त्यांनी सुनेला सांगितले. परतताना ते मुद्दाम बाजारातून चालत आले, मात्र दुकानावरून नाही. एक गल्ली आधीच वळले.

त्या दुपारी त्यांनी मुनीमजींना बोलावून एक प्रश्न विचारला. दुकान बंद झाले त्या वर्षी घाईत निघावे लागले होते. लॉजचे खाते चुकते झाले होते की नाही?

“चुकतं झालंच असणार, शेठजी.”

“असणार म्हणू नका. वही बघा.”

वह्या नव्हत्या. मागच्या खोलीत ठेवलेली सगळी जुनी बाडे वाळवीने खाल्ली होती. उरलेली एका पावसाळ्यात भिजली आणि टाकून दिली. मुनीमजींनी समजूत घातली, “तुमच्याकडे येणं राहिलं असतं तर आमचे मोठे शेठजी बोलले असते की.”

बाबूजी म्हणाले, “ते कधीच बोलले नसते. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.”

मोठे शेठजी हयात नाहीत. बाबूजींच्या स्वतःच्या बह्याही बंगळूरला जाताना रद्दीत गेल्या होत्या. म्हणजे हा हिशेब आता कोणालाच पुरा करता येणार नव्हता. कापडाच्या व्यापारात उधारी बुडणे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात आष्टी-जामखेडकडची कितीतरी येणी बाबूजींच्या वडिलांनी सोडून दिली होती. ज्याचे येणे असते त्याला सोडून देता येते. देणे राहिले असेल अशी शंका मात्र अशी सोडता येत नाही. त्या रात्री ते तीनदा उठले. तिसऱ्या वेळी शौचालयाकडे न जाता ते जिन्याच्या वरच्या पायरीपाशी उभे होते. मुलगा धावत आला. “पडलो नाही,” ते म्हणाले. “या जिन्याला कठडा नाही हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. मी फक्त पायऱ्या मोजल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना मी वर पाठवत होतो.”

थोरला मुलगा व्यवहारी आहे. दोन दिवसांत त्याने लॉजचा हिशेब मनातल्या मनात मांडला होता. चौदा खोल्या, त्यांतल्या दोन अडगळीच्या, उरलेल्यांपैकी निम्म्या रिकाम्या. भाडे इतके, पगार इतका, जागेचा चौरस फुटाचा भाव इतका. मालकांची मुले पुण्यात. इमारतीसाठी विचारणा होतच असते, हे मुनीमजींनीही लपविले नाही. पाच-सात वर्षांत येथे खाली दुकाने आणि वर कार्यालये उभी राहतील, असा त्याचा अंदाज होता, आणि तो चुकण्याचे काही कारण दिसत नाही. एसटीने येऊन मुक्काम करणारा किरकोळ दुकानदारच आता उरला नाही. तो भ्रमणध्वनीवर नमुने पाहतो आणि माल दुसऱ्या दिवशी टेम्पोने मागवितो. आष्टीला २०२२ पासून नगरहून रेल्वेही जाऊ लागली. मुक्कामाची गरजच संपली, तर मुक्कामाची जागा कशाने टिकणार?

तिसऱ्या संध्याकाळी बँकॉकहून नातवाचा फोन आला. तो रत्नांच्या व्यापारात आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी चांथाबुरीला जातो. बँकॉकच्या आग्नेयेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेले हे प्रांतीय शहर माणिक आणि नीलमण्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. आठवड्याच्या अखेरीस तेथे रस्त्यालगत टेबले मांडून खडे घेतले-विकले जातात, आणि त्यांत भारतीय व्यापारीही बरेच असतात. आजोबा जुन्या लॉजवर उतरले आहेत हे ऐकून तो हसला नाही, उलट म्हणाला, “मीही तसाच उतरतो.” चांथाबुरीला नदीकाठी लाकडी घरांची जुनी पेठ आहे. तेथले एक प्रतिष्ठित घर, बान लुआंग राजमैत्री, दुरुस्त करून त्याचे उतारगृह केले आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या गृहस्थांनी पूर्व थायलंडात रबराची लागवड रुजविली. विशेष असे, की हे काम एखाद्या मोठ्या हॉटेल कंपनीने केले नाही. पेठेतल्या रहिवाशांनी आणि बाहेरच्या हितचिंतकांनी भागभांडवल गोळा करून कंपनी काढली आणि घर चालते केले.

“शेअर केवढ्याचा?” मुलाने लगेच विचारले. नातवाला ते माहीत नव्हते. “आणि लाभांश?” तेही माहीत नव्हते. पण खोल्या रिकाम्या नसतात, एवढे तो सांगू शकला. खडे घ्यायला येणारा व्यापारी नदीकाठी उतरतो आणि सकाळी बाजारात चालत जातो, असे तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मुलगा बराच वेळ चौकाकडे पाहत होता. नंतर त्याने मुनीमजींना खोल्यांची लांबी-रुंदी विचारली. त्यात पुढे काही निष्पन्न होईल असे समजू नये. नगरमध्ये रत्नांचा बाजार भरत नाही, आणि वाहनतळ नसलेल्या गल्लीत गिऱ्हाईक आणणे सोपे नाही. परंतु आपल्या समाजाने पाठशाळा, गोशाळा, पांजरपोळ, रुग्णालये भागीने आणि देणग्यांनी उभी केली आहेत. व्यवहाराची एखादी जुनी वास्तू तशी राखता येईल का, हा विचार बहुधा कोणाच्या मनात आलेला नाही. जुनी जागा म्हटली की आपण आधी तिचा चौरस फूट मोजतो. मुलानेही तेच केले होते, आणि दुकान विकायला आलेल्या घराने इतरांना ते सांगणे शोभलेही नसते.

दुसऱ्या दिवशी खरेदीखत झाले. अंगठा, छायाचित्र, दोन साक्षीदार. प्रत्यक्ष काम काही मिनिटांचेच होते. घेणारा तरुण कापडाचाच व्यापारी आहे, जुने दुकान पाडून तीन मजले बांधणार आहे. त्याने बाबूजींना वाकून नमस्कार केला आणि दुकानात शेवटचे येऊन जाण्याचा आग्रह केला. बाबूजी म्हणाले, “आता तुमचं दुकान. बोलवाल तेव्हा गिऱ्हाईक म्हणून येईन.” आणि ते लॉजवर परतले.

निघण्याआधी मुलाने तीन रात्रींचे भाडे फोनवरून चुकते केले. बाबूजींनी मुनीमजींपुढे वेगळी रक्कम ठेवली. मुनीमजी दोन पावले मागे सरले. खाते चुकते असताना पैसे घेतले तर आपल्यावर दोष येईल, असे ते म्हणत; आणि बाबूजी म्हणत, खाते चुकते आहे हे तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे? दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, त्यामुळे कोणी हटेना. शेवटी सूनबाईंनीच वाट काढली : रक्कम कोणी घेऊही नये, परत नेऊही नये, तिच्यातून जिन्याला कठडा लावावा. पुण्याला मालकांच्या मुलाला फोन लावला. त्याची हरकत नव्हती.

शेजारच्या गल्लीतला सुतार आला. त्याने पायऱ्यांच्या कडेने दोरी लावून माप घेतले. बाबूजींनी त्याला बजावले, की कठडा उतरताना डाव्या हाताला यावा, कारण उतरणाऱ्याच्या उजव्या हातात पिशवी असते आणि माणूस चढताना क्वचित पडतो. सुताराने मान डोलावली आणि विचारले, “लाकूड कोणतं लावू? सागवान महाग पडेल. साधंही दहा वर्षं टिकतं.”

बाबूजींनी मुलाकडे पाहिले.

“सागवान लावा,” मुलगा म्हणाला, आणि बॅगा उचलून खाली उतरला.